झाकली मूठ ९.८ ची

मैत्रिणींनो, आजचा विषय बघून काहीजणी म्हणतील, या बाईला झालंय काय? पर्वाच्या स्वयंपाकावर आणि घरखर्चाच्या वहीवर लिहिता लिहिता ही भुताखेतांच्या कॉमिक्सकडे कुठे वळली? पण विषय घरातलाच आहे. पैसा घरचा, मुलं घरची आणि कपाटात कुलूपबंद होणारी वस्तूही घरचीच. आपल्यापैकी कित्येकींची मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींना हा नवा छंद लागला आहे. त्यामुळे आज मी सरळ भांडायलाच बसले आहे.

आधी माझं म्हणणं सांगते, मग कारणं. जुनं पुस्तक जपणं ही चांगली गोष्ट आहे, त्याला माझा विरोध नाही. भुताच्या गोष्टी वाचण्यालाही नाही. पण पुस्तक कुणाला उघडताच येणार नाही असं बंद करायचं, ते किती कमी हाताळलं गेलं यावर त्याला गुण द्यायचे, आणि त्या गुणांवर संसारातले पैसे लावायचे, याला मी जपणं म्हणणार नाही. गुंतवणूक तर मुळीच म्हणणार नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. अमेरिकेत १९५० पासून विल्यम गेन्स या प्रकाशकाच्या ईसी कंपनीची तीन भयकथांची कॉमिक्स निघत होती: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर'. दर दोन महिन्यांनी अंक, किंमत दहा सेंट. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, चार रंगांची छपाई, पाठीला दोन पिना. शाळकरी मुलं खिशातल्या नाण्यांनी घ्यायची, वाचायची, गुंडाळी करून पँटच्या मागच्या खिशात खोचायची, मित्राला द्यायची. बघता बघता इतर प्रकाशकांनीही भुताखेतांची डझनावारी कॉमिक्स काढली.

मग गदारोळ झाला. १९४८ पासूनच काही गावांत मुलांकडून कॉमिक्स गोळा करून त्यांच्या जाहीर होळ्या होत होत्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं त्यात मांडलेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीसमोर गेन्सची साक्ष झाली. शरद ऋतूत प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. चालती प्रेतं, रक्तपिपासू व्हँपायर, माणसाचे लांडगे, सगळ्यांना बंदी. मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दसुद्धा चालणार नाहीत. ईसीची तिन्ही कॉमिक्स बंद पडली. १९७१ मध्ये नियम सैल झाले तेव्हा भुतं परत आली, आणि १९७२ मध्ये मार्व्हलनं 'टूम ऑफ ड्रॅक्युला' काढलं.

म्हणजे ही कॉमिक्स मुळात दुर्मिळ का झाली? तर वाचून फाटली, आयांनी रद्दीत घातली, काही जाळली गेली. जी उरली त्यांना आज किंमत आहे. इथवर माझं काही म्हणणं नाही.

पुढचा प्रकार मात्र ऐका. २००० साली अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. तुम्ही कॉमिक त्यांच्याकडे पाठवायचं. ते तपासतात, ०.५ पासून १० पर्यंत गुण देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. वर लेबल. निळं लेबल म्हणजे मूळ स्थितीतलं, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेलं. डबी फोडली की गुण गेले. ९.८ म्हणजे जवळजवळ परिपूर्ण. ९.६ आणि ९.८ मधला फरक म्हणजे एखादा कोपरा केसभर बोथट, किंवा पाठीवर पिनेजवळ एक बारीकशी रेघ. माझ्यासारखीला चष्मा लावूनही दिसायची नाही. पण त्या रेघेपायी किंमत कित्येकदा दुप्पट होते. कधी त्याहूनही जास्त.

आता गृहिणीच्या नजरेतून बघा. फाटलेल्या मुखपृष्ठाला कुणी मायेनं कागद जोडला, उडालेल्या रंगावर थोडा रंग लावला, की लेबल जांभळं आणि भाव खाली. पण तेच कॉमिक थोडी वाफ देऊन, गरम दाबाखाली ठेवून, पडलेल्या घड्या सपाट करून पाठवलं, तर ते निळंच राहतं आणि गुण वाढतात! याला 'प्रेसिंग' म्हणतात आणि तो मोठा धंदा आहे. म्हणजे रफू केलं तर दोष, इस्त्री केली तर गुण. आपल्याकडे लग्नाचा शालू पिढ्यान् पिढ्या टिकतो तो इस्त्रीनं टिकतो की वेळच्या वेळी घातलेल्या टाक्यानं? मग हे गुण टिकण्याला मिळतात की दिसण्याला?

आता हिशोब. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं घराची वही मी ठेवली आहे. न्यू जर्सीत माझा एक भाचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला. ईसीचा एक ९.४ चा अंक आठ हजार डॉलरला मिळतोय, आणि तो मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांतून घ्यायचा असं हे म्हणताहेत. "मावशी, तुम्हीच समजवा. त्यांना वाटतं हे शेअरपेक्षा चांगलं आहे." मग भाचा स्वतःच फोनवर आला. म्हणाला, "मावशी, तू बी.कॉम. आहेस ना, तूच सांग, यात चूक काय?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

समजा, आठ हजारांना घेतलेला अंक दहा वर्षांनी बारा हजारांना गेला. कागदावर चार हजार नफा. विकताना लिलावगृहाचं किंवा मध्यस्थाचं कमिशन पंधरा टक्के धरू, म्हणजे १,८०० गेले. हातात १०,२०० आले. नफा उरला २,२००, त्यावर पंचवीस टक्के कर धरला तर ५५० गेले. उरले ९,६५०. दहा वर्षांचा विमा, टपालखर्च आणि डबी ठेवायची जागा यांचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. आता तेच आठ हजार चार टक्क्यांनी ठेवले असते आणि व्याजावर दरवर्षी तोच पंचवीस टक्के कर भरला असता, तरी दहा वर्षांनी साधारण पावणेअकरा हजार झाले असते. तेसुद्धा रात्री शांत झोपून. शिवाय अमेरिकेच्या करकायद्यात अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, शेअरच्या बाबतीत तोच कर जास्तीत जास्त २० टक्के. सरकारनंही या दोन गोष्टी एका पंक्तीला बसवलेल्या नाहीत.

"पण मावशी, बारा हजार कशाला, तीस हजारसुद्धा होतील!" होतील की. पाच हजारही होतील. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की शिल्लक मालाची किंमत लावताना खरेदीची किंमत आणि बाजारभाव, यांतली कमी असेल ती धरायची. न झालेला नफा वहीत लिहायचा नाही. हे संग्राहक नेमकं उलट करतात. कालच्या लिलावात कुठल्या तरी दुसऱ्या प्रतीला आलेला सर्वांत मोठा आकडा आपल्या प्रतीला चिकटवतात आणि त्याला संपत्ती म्हणतात.

भाव कसे हलतात तेही बघा. 'टूम ऑफ ड्रॅक्युला'च्या १९७३ मधल्या दहाव्या अंकात ब्लेड हे पात्र पहिल्यांदा आलं. २०१९ मध्ये त्याच्या नव्या सिनेमाची घोषणा झाली आणि अंकाचा भाव चढला. पुढे सिनेमा लांबत गेला आणि चढलेला भाव उतरला. कोरोनाच्या काळात लोक घरी बसले, हाती पैसा होता, सगळ्याच कॉमिक्सचे भाव उसळले. नंतर त्यांतले कित्येक खाली आले. त्याआधी १९९० च्या दशकात लोकांनी नव्या अंकांच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती कोऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. फुगा फुटला. १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. असतील शितं तर जमतील भुतं. शितं संपली की भुतंही जातात, आणि डबी हातात घेऊन आपण बसतो.

दुर्मिळपणाचं गणितही कच्चं आहे. कुठल्या अंकाच्या कोणत्या गुणांच्या किती प्रती नोंदल्या गेल्या याची यादी असते. आज यादीत तुमच्याहून वरचढ एकही प्रत नसेल. उद्या कुणी जुनी ९.२ ची प्रत डबीतून काढून, दाबून, पुन्हा पाठवेल आणि ती तुमच्या शेजारी येऊन बसेल. अंक छापले गेले पन्नासच्या दशकात, पण 'सर्वोत्तम' प्रती अजून तयारच होताहेत. हा कसला दुर्मिळपणा?

आता माझा मुख्य मुद्दा. इतक्या वर्षांनी हे स्वस्त कागद इतके कोरे राहिलेच कसे? गेन्स आपल्या प्रत्येक अंकाच्या साधारण डझनभर प्रती छापखान्यातून आल्या आल्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवत असे. त्या दुकानात कधी गेल्याच नाहीत. पुढे त्या विकल्या गेल्या, आणि आज ईसीच्या अतिउच्च गुणांच्या ज्या प्रती दिसतात त्यांतल्या बऱ्याच या गठ्ठ्यांतल्या आहेत. दुसरं उदाहरण डेन्व्हरच्या एडगर चर्च यांचं. हे व्यवसायानं जाहिरातींचे चित्रकार. त्यांनी वर्षानुवर्षं कॉमिक्स घेऊन घरात उंच थप्प्या लावून ठेवल्या होत्या. १९७७ मध्ये तो साठा बाहेर आला तेव्हा कोलोरॅडोच्या कोरड्या, थंड हवेनं हजारो अंक नव्यासारखे ठेवलेले आढळले.

यातून काय कळतं? ज्यांच्यामुळे या प्रती टिकल्या, त्यांच्यापैकी कुणीही दहापैकी गुणांसाठी त्या टिकवल्या नव्हत्या. एकानं प्रकाशक म्हणून आपल्या कामाची नोंद ठेवली, दुसऱ्यानं चित्रांच्या ओढीनं. त्यांच्या प्रती कधीही उघडता येत होत्या. गुण देणारे पन्नास वर्षांनी आले. आणि दुसरी गोष्ट, ९.८ ची प्रत बहुतेक वेळा मुलाच्या हातात कधी पडलेलीच नसते. ज्या अंकानं कुणाला रात्री पांघरुणात बॅटरी लावून जागवलं, तो ३.० चा. त्याच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीनं मुलाचं नाव, कोपऱ्यावर दुधाच्या पेल्याचा गोल डाग. त्याला कुणी विचारत नाही.

आणि या गोष्टी होत्या तरी कसल्या? १९५२ मधली 'हॉन्ट ऑफ फिअर'मधली एक सांगते. कचरा गोळा करणारा एक गरीब म्हातारा. मुलांवर आणि कुत्र्यांवर जीव लावणारा. शेजारच्या श्रीमंत बाप-लेकांना त्याचं जुनाट घर खुपतं. ते त्याची माणसं, कुत्री, काम सगळं एकेक करून तोडतात आणि शेवटी त्याला जीव द्यायला लावतात. वर्षभरानं तो थडग्यातून उठून येतो आणि हिशोब पुरा करतो. शेवट भयानक आहे, मी काही तो नातवंडांना झोपताना सांगणार नाही. पण सांगायचं काय आहे ते कुणालाही कळावं. हावरट माणूस, फसवणारा भागीदार, छळणारा नवरा, यांना शेवटच्या चौकटीत त्यांचं फळ मिळतंच मिळतं. कर्म चुकत नाही, हे आम्ही प्रवचनात ऐकतो. त्या मुलांनी ते दहा सेंटात वाचलं. हाव धरू नका असं ओरडून सांगणारी ही कॉमिक्स आज हावेपायीच डबीत गेली आहेत.

आता विरुद्ध बाजूनं जे बोललं जातं त्याकडे वळते.

पहिलं, "डबीत ठेवलं नाही तर कागद नष्ट होईल." कागदाचा शत्रू त्याच्या पोटातच आहे. लगद्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा ते काम लवकर करतात. डबीत आम्ल शोषणारा कागद घालतात खरा, पण तोही जन्मभर पुरत नाही. डबी खिडकीत ठेवलीत तर आतलं पुस्तकही विटणारच. टिकवण्याचं काम थंड, कोरडी, अंधारी जागा करते. लेबलवरच्या आकड्याचा त्यात काही वाटा नाही.

दुसरं, "डबीमुळे फसवणूक टळते." दूरच्या अनोळखी माणसाकडून घेताना तिचा उपयोग होतो, हे मी मान्य करते. कुणी आतलं पान कापलंय का, चोरून रंग लावलाय का, हे जाणकारानं बघितलेलं बरं. मग बघून घ्या, दाखला घ्या, आणि घरी आणून डबी फोडा! तसं कुणी करत नाही. उलट २०२३-२४ मध्ये असंही उघडकीला आलं की काही डब्या शिताफीनं उघडून आत कमी दर्जाची प्रत सरकवलेली होती. बंद डबीत आत काय आहे हे मालकालाच उघडून बघता येत नाही, म्हणून हे साधलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते मुठीचं कौतुक म्हणून नव्हे.

तिसरं, "वाचायचं असेल तर पुनर्मुद्रणं आहेत की." आहेत, चांगली आहेत, आणि ती जरूर घ्या. पण मग तुमच्याजवळ आहे काय? गोष्ट पुनर्मुद्रणात वाचलीत. जुन्या प्रतीत जे वेगळं असतं, म्हणजे तो खरखरीत कागद, ते रंगांचे ठिपके, मधल्या पानांवरच्या जाहिराती, वाचकांची पत्रं, ते डबीत दिसत नाही. दिसतात फक्त मुखपृष्ठ आणि पाठीमागची जाहिरात.

चौथं, "माझे पैसे, माझी हौस." हौसेला मोल नसतं, खरं आहे. स्वतःच्या हौसेच्या पैशांतून कुणी घेत असेल तर माझी ना नाही. मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना मात्र हौसेचे पैसे म्हणू नये. आणि हौस असेल तर ती उपभोगायची असते. ज्या वस्तूला हात लावला की तिची किंमत निम्मी होते, ती वस्तू हौस पुरवते की पहारा करायला लावते?

इथे आपली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं मूडबिद्रीला किती जिवापाड जपली गेली ते आपण जाणतो. शतकानुशतकं ती मुख्यतः दर्शनासाठीच बाहेर निघत. ज्यांनी जपली त्यांचे उपकार आहेतच. पण सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींसारख्या माणसांनी ती उतरवून घेण्यासाठी खटपट केली, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला, तेव्हा ते ज्ञान तुमच्या-माझ्यापर्यंत आलं. विरोधही झाला होता. आज कोण म्हणेल की ती कुलपातच राहायला हवी होती? आणि श्रुतपंचमीला आपण काय करतो? शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, हवा देतो, नवं वेष्टन घालतो आणि वाचतो. धर्मग्रंथ आणि भुताची कॉमिक्स यांची बरोबरी मी करत नाही, गैरसमज नको. पण कागद असो की ताडपत्र, जपण्याची रीत एकच. वर्षातून एकदा तरी उघडायचं.

आपल्या मुलांना हे भूत परकं वाटायचं कारणही नाही. आपण 'चांदोबा'तल्या विक्रम-वेताळावर वाढलो. इंद्रजाल कॉमिक्समधला तो मुखवटेवाला फँटमसुद्धा मराठीत आला तो 'वेताळ' होऊनच. १९६४ ते १९९० पर्यंत निघालेल्या त्या इंद्रजालच्या जुन्या अंकांनाही आता चढे भाव येतात. ज्यांच्या माळ्यावर गठ्ठा असेल त्यांनी तो रद्दीत घालू नये, हे माझं कळकळीचं सांगणं. आणि गुणांच्या नादालाही लागू नये, हेही तितकंच कळकळीचं.

मग करायचं काय? ४.० ते ६.० गुणांच्या आसपासची, डबीत नसलेली, पानं शाबूत असलेली प्रत घ्या. ती ९.४ च्या मानानं फारच स्वस्त मिळते आणि गोष्ट तीच असते. मायलरचं पाकीट आणि पाठीला आम्लविरहित पुठ्ठा घ्या. अंक खोक्यात उभे ठेवा, फार दाटीनं नको, फार सैलही नको. स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून नको, माळ्यावर किंवा तळघरात नको. हात धुऊन, कोरडे करून, टेबलावर सपाट ठेवून वाचा. पान उलटताना कोपरा मुडपू नका. मुलांना शेजारी बसवून पानं उलटायला शिकवा. वस्तू जपायची सवय त्यातूनच लागते. आणि वहीत ही खरेदी गुंतवणुकीच्या पानावर न लिहिता खर्चाच्या पानावर लिहा. उद्या भाव आला तर आनंद माना. नाही आला तरी पुस्तक वाचून झालेलं असेल.

भाच्यानं काय ठरवलं ते त्याच्या घरचं, ते मी इथे लिहिणार नाही. पण या लेखावर रागावून लिहिणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर आधी द्या, मग मला बोल लावा. तुमच्याजवळच्या ९.८ च्या अंकातली तिसरी गोष्ट कोणती, हे तुम्ही सांगू शकता का?

जय जिनेन्द्र.